कांद्याच्या भावाचे चक्र

कांद्याच्या भावाचे चक्र : एका हंगामातील तेजी पाहून लागवड वाढणे, त्या वाढीव मालाने पुढे भाव कोसळणे आणि मंदीमुळे लागवड घटून पुन्हा तेजी येणे, अशी फिरत राहणारी बाजारस्थिती. अर्थशास्त्रात तिचे स्पष्टीकरण कोळिष्टक (कॉबवेब) प्रमेयाने देतात. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये या प्रमेयाला नाव दिले. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव, पिंपळगाव बसवंत या बाजारांत हे चक्र वर्षानुवर्षे पाहायला मिळते.

चक्राचे मूळ वेळेच्या अंतरात आहे. उन्हाळ कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतात, सात-आठ आठवड्यांचे रोप डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि एप्रिल-मेमध्ये काढणी होते. बी टाकताना शेतकऱ्यापुढे त्या वेळचा भाव असतो. हा काळ नेमका चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर मांडवातला) जुना कांदा संपत आलेला आणि खरिपाचा पोळ कांदा पुरेसा न आलेला, म्हणजे बहुतेक वर्षी तेजीचाच. त्या भावावर आखलेला माल विक्रीला येतो तो देशाच्या कांद्यातला निम्म्याहून जास्त माल एकदम निघतो तेव्हा.

त्यात मागणी ताठर. कांदा महागला म्हणून फोडणी थांबत नाही, स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते ते प्रमाण, ०.४ धरली, तर आवक १० टक्क्यांनी घटताच भाव सुमारे २५ टक्के चढतो. आवक वाढली की साधारण तसाच उतरतो. पुरवठ्याची लवचिकता मागणीहून जास्त असेल तर दर फेरीला हेलकावा वाढतो, कमी असेल तर विरतो. शेतकरी दरवर्षी तीच चूक का करील, हा अर्थतज्ज्ञ जॉन म्यूथ यांच्या १९६१ मधील मांडणीतून निघणारा आक्षेप रास्त आहे. मंदीत सगळे मागे हटतील हे ताडून मुद्दाम लावणारेही गावोगाव असतात. पण अवकाळी पाऊस, करपा रोग आणि निर्यात रोखणारा दिल्लीचा आदेश त्यांनाही ताडता येत नाही.

हेलकावा दाबण्याचे काम चाळ करते. पोळ आणि रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत चार-सहा महिने राहतो, तोही घट सोसून. मे महिन्यात १,००० रुपये क्विंटल भाव असताना १०० क्विंटल चाळीत टाकला आणि सड, कोंब व वजनातील घट मिळून ३० टक्के माल गेला, तर ऑक्टोबरात नुसते मुद्दल सुटायलाच सुमारे १,४३० रुपये भाव हवा. चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी आणि व्याज वेगळे. नीट न सुकवता, ओल्या मानेचा कांदा भरला की सड आणखी वाढते.

म्हणून साठवणुकीच्या काळात आलेला निर्यात रोखणारा आदेश सर्वांत महाग पडतो. २०२३ च्या सुरुवातीला रांगड्या कांद्याचे भाव पडले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये सानुग्रह अनुदान दिले, तेही शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंतच. त्याच वर्षी भाव चढू लागताच केंद्राने १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या दराने निर्यातीस मनाई) ठरवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. मंदीचा तोटा चाळवाल्याचा आणि तेजीचा नफा मात्र आदेशाने कापलेला, असे झाले की पुढच्या वर्षी साठवणूक घटते. साठा घटला की ऑक्टोबरची टंचाई आणखी तीव्र होते. नाफेड व एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांचा राखीव साठा याला उतारा ठरू शकतो, पण तो मे-जूनमध्ये खरेदी करून टंचाईत काढला तर. ऐन आवकेत बाजारात सोडलेला साठा भाव पाडण्यापलीकडे काही करत नाही.

सरकार इतक्या घाईने का हलते? महागाई मोजणाऱ्या २०१२ पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार अवघा ०.६४ टक्के होता. पण रोज हाताळली जाणारी वस्तू लोकांच्या लक्षात राहते, आणि १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत सत्तापालटाशी कांद्याचे नाव जोडले गेले, ते अजून कोणी विसरलेले नाही. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरेही महानगरातल्या किरकोळ बाजारात असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३६ पैसेच कांदा उत्पादकाला मिळतात. उरलेल्या ६४ पैशांवर बातमी क्वचितच होते.

बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव असतात. मथळ्यात बहुधा कमाल येतो. तो एखाद्याच निवडक ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. गोल्टी (बारीक) आणि जोड (जुळा) कांदा किमानाच्या आसपास जातो. कमाल भावाचा निरोप व्हॉट्सॲपवर फिरला की दुसऱ्या दिवशी आवक वाढून तोच भाव उतरतो. पत्रक वाचताना म्हणून आधी सरासरी पाहावी, मग आवकेचा आकडा, आणि दोन्ही आदल्या आठवड्याशी ताडून पाहावेत.