वनस्पतिजन्य प्रारणसंरक्षके

आयनीकारक प्रारणांमुळे पेशींना होणारी इजा कमी करू शकणारे वनस्पतींचे अर्क किंवा त्यांतील घटक. क्ष-किरण वा गॅमा किरण शरीरातून जाताना डीएनएला थेट धक्का देतातच, पण अधिक नुकसान पाण्यामार्फत होते. पेशीतील पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो; ते नॅनोसेकंदभर टिकते आणि तेवढ्यात शेजारच्या डीएनएचा धागा तोडते. त्याला वाटेत गाठायचे तर संरक्षक त्या क्षणी पेशीत हजर हवा. म्हणून बहुतेक अर्क आधी द्यावे लागतात. नंतर दिले तर वरातीमागून घोडे.

या शोधाची सुरुवात वनस्पतींपासून झालेली नाही. 1949 मध्ये हार्वे पॅट यांनी सिस्टीन या अमिनो आम्लामुळे उंदीर घातक मात्रेतूनही वाचतात, असे दाखवले. पुढे अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून अमिफोस्टीन हे औषध निघाले. ते गुणकारी, पण उलट्या होतात आणि रक्तदाब उतरतो. यापेक्षा सौम्य काही मिळेल का, या आशेने संशोधक वनस्पतींकडे वळले. मणिपाल येथे तुळशीतील ओरिएंटिन व व्हिसेनिन या फ्लॅव्होनॉइडांवर (वनस्पतींतील एका गटाची संयुगे), तर दिल्लीच्या इन्मास या अणुवैद्यक संशोधन संस्थेत सी बकथॉर्न आणि पोडोफायलम या वनस्पतींवर काम झाले. पोडोफायलममधील पोडोफायलोटॉक्सिन पेशीविभाजन रोखते. ते विषारी आहे. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण इथे चालत नाही.

परिणाम सहसा उंदरांवर मोजतात. नुसत्या 8 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रेने 30 दिवसांत निम्मे मरत असतील आणि अर्क दिल्यावर त्यासाठी 9.6 ग्रे लागत असतील, तर संरक्षण गुणांक 1.2. मुदत 30 दिवसांची, कारण अस्थिमज्जा निकामी झाल्याने येणारा मृत्यू त्या अवधीत येतो.

माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. स्तनांच्या कर्करोगाच्या 254 रुग्णांवरील फ्रेंच चाचणीत कॅलेंडुलाच्या मलमाने किरणोपचारामुळे होणाऱ्या लक्षणीय त्वचादाहाचे प्रमाण 41 टक्के राहिले; तुलनेच्या मलमाने ते 63 टक्के होते. (कॅलेंडुला दिसायला झेंडूसारखा, पण वनस्पती वेगळी.) हळदीतील कर्क्युमिनने 30 जणींच्या चाचणीत आशा दाखवली, 686 रुग्णांच्या चाचणीत ती टिकली नाही.

किरणोपचारात आणखी एक पेच असतो: अर्काने निरोगी पेशींबरोबर गाठही वाचवली तर? अमिफोस्टीन निरोगी ऊतींतील विकरामुळे (एन्झाइममुळे) तेथेच अधिक सक्रिय होते. बहुतेक अर्कांबाबत असा भेद सिद्ध झालेला नाही. त्यामुळे उपचार चालू असताना असे अर्क डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.