पकडीच्या नोंदी आणि मत्स्यसाठा

बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदींवरून समुद्रात एखाद्या जातीचे मासे किती उरले असावेत, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे १९५० पासूनची देशवार पकड नोंदलेली आहे. अनेक जातींबाबत याखेरीज फारशी माहितीच नसते.

पकड म्हणजे साठा नव्हे. डिझेल महागले, भाव पडले किंवा कोटा घटला तरी पकड कमी होते. म्हणून पकडीला मेहनतीने भागतात: जाळे तासभर ओढले तर किती किलो मासळी मिळाली? हा दर घसरू लागला की साठा आटतो आहे, असे मानतात. मात्र सोनार (ध्वनिलहरींनी मासे शोधणारे यंत्र) आणि ताकदवान इंजिने आल्यावर आजचा एक तास पूर्वीच्या तासाइतका राहत नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाबाबत नेमकी इथेच फसगत झाली. १९६८ मध्ये तिथली पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली होती. १९८० च्या दशकात साठा खालावत असतानाही उरलेले मासे दाट थव्यांनी एकत्र येत आणि ट्रॉलर (जाळे ओढत नेणारी मोठी जहाजे) ते थवे हुडकून काढत. त्यामुळे ट्रॉलरचा पकडीचा दर चांगलाच दिसे. किनाऱ्याजवळच्या छोट्या होड्यांना मासा मिळेनासा झाला होता आणि ते मच्छीमार तसे सांगतही होते. त्यांचे म्हणणे वेळीच हिशेबात घ्यायला हवे होते. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाने या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. ही बंदी २०२४ मध्ये उठली, तीही त्या वर्षासाठी १८ हजार टनांच्या मर्यादेसह.

अतिमासेमारीच्या खुणा माशांच्या अंगावरही दिसतात. मोठे मासे आधी संपतात, सरासरी लांबी घटते, काही जाती लहान वयातच अंड्यावर येतात. मोठ्या माद्या खूप जास्त अंडी घालत असल्याने त्या गेल्या की साठा भरून येण्याचा वेगही मंदावतो. माशाच्या कानातील चुनखडीच्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. त्यांवरून वय कळते. वजनासोबत लांबी आणि वय नोंदले, तर त्याच पकडीतून कितीतरी अधिक कळते.

मत्स्यशास्त्रज्ञ शेफर यांच्या १९५४ च्या गणिती प्रारूपानुसार साठा मूळच्या निम्म्यावर असताना त्याची वाढ सर्वाधिक होते आणि तेवढीच वाढ दरवर्षी काढता येते. पण गणितात घातलेली पकडच चुकीची असेल तर उत्तरही चुकते. समुद्रातच फेकून दिलेली मासळी बहुधा नोंदीत येत नाही. उलट, चीनची पकड फुगवून नोंदली गेल्याने जागतिक पकडीतील घट झाकली गेली होती, हे २००१ मध्ये वॉटसन आणि पॉली या संशोधकांनी दाखवले.