दोन कपांचं आधण

बाबा गेल्यावर आई कित्येक दिवस चहाला दोन कप पाणी ठेवायची. आधण उकळायला लागलं की तिच्या लक्षात यायचं. एकदा तिने विचारलं, "माझं डोकं ठिकाणावर नाही का गं?"

डोकं ठिकाणावरच होतं. ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला, तो आता उठेल, हाक मारेल, हे मेंदूने अंगवळणी पाडून घेतलेलं असतं. गेल्याची बातमी क्षणात कळते. ही सवय मोडायला कितीतरी सकाळी जाव्या लागतात.

कुणाला पावलं ऐकू येतात, कुणाला खोलीत माणूस असल्यासारखं वाटतं. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांना याबद्दल विचारलं. १९७१ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखानुसार जवळपास निम्म्यांना असे भास झाले होते आणि बहुतेकांना त्यांचा आधारच वाटला होता. तरी त्यातल्या बहुतेकांनी ते कुणाला सांगितले नव्हते. हे मौनच माझ्या मनाला जास्त लागतं.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं आपण ऐकतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांशी नव्हे. मागे राहिलेला माणूस हेलकावे खात असतो, असं मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं: कधी आठवणीत बुडणं, कधी त्यातून बाहेर येऊन समोरचं काम उरकणं. आई सकाळी पेन्शनचे फॉर्म भरायची, भाचीच्या गमतीवर हसायची आणि रात्री बाबांचा स्वेटर उशाशी घेऊन रडायची. त्या हसण्याची तिला लाज वाटायची. वाटायला नको होती.

छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर मात्र 'दुःखाने होतंय' म्हणून घरी थांबू नका. जबर धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा काही काळ फुगतो, हे जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिलं. पण छातीतलं दुखणं हा हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ तसूभर कमी होत नसेल, रोजचं जगणं अडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणंच नकोसं वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नये. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आधाराची फोनसेवा १४४१६ वर मोफत आहे.

"रडू नका, त्यांच्या आत्म्याला त्रास होईल," असं आईला खूप जणांनी सांगितलं. शेजारच्या काकूंनी तेवढं विचारलं, "भाऊजींना चहा कसा लागायचा हो?" आई अर्धा तास बोलत होती.