मॅग्नेशियमचं बूच आणि बारावीचं घोकणं

बारावीची परीक्षा जवळ आली की ठाण्या-वाशीच्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात आणि ‘एक रात्र जागून सगळं वाचून टाकू’ हा बेत घरोघरी ठरतो. हा बेत फसतो तो मेंदूच्या रसायनामुळे.

दोन चेतापेशींच्या जोडावर एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे रासायनिक निरोप टिपणारी प्रथिनं असतात. त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियमच्या आयनाचं बूच बसलेलं असतं. पहिल्या पेशीने ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडलं, एवढ्याने ते बूच हलत नाही. त्याच वेळी दुसऱ्या पेशीच्या पटलावरचा विद्युतदाबही पुरेसा बदलावा लागतो. दोन्ही जुळलं की बूच सुटतं, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि जोड बळकट होतो; आठवण बसते ती अशी. ही बळकटी काही तासांत ओसरू शकते. ती टिकवायला पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात, त्याला वेळ लागतो, आणि आठवणी पक्क्या होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. जागरण नेमकं तेच काम अडवतं.

दुसरी फसगत पुन्हापुन्हा वाचण्यात आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवलं, तर एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्याने मात्र आकडे फिरले: ४२ विरुद्ध ५६.

म्हणून साध्या लंबकाच्या दोलनकाळाचं डेरिव्हेशन पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा. साइन थीटाच्या जागी थीटा घेताना ‘कोन लहान आणि रेडियनमध्ये’ ही अट हमखास राहते. अडलात तर दोन मिनिटं झटा, मगच पुस्तक उघडा आणि चूक लाल पेनाने दुरुस्त करा. उद्या, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा कोरा कागद. ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास सूत्रं मनात आठवायला पुरतो.

घरात दहावीनंतर शाखा निवडणारं कोणी असेल, तर बोटांचे ठसे घेऊन ‘सायन्स घ्या की कॉमर्स’ सांगणाऱ्या चाचण्यांवर एक रुपयाही घालवू नका. ठशांच्या रेषा जन्माआधीच ठरतात, त्यांचा गणिताच्या गतीशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्यापेक्षा अकरावीच्या पुस्तकांतून भौतिकशास्त्राचा एक आणि अर्थशास्त्राचा एक धडा घ्या, वरच्या पद्धतीने करा आणि आठवड्याने कोऱ्या कागदावर कुठल्या धड्याचं किती उतरतं ते ताडून बघा. फॉर्म भरायच्या आधी हे दोन कागद आईबाबांसमोर ठेवा.