शिवाजी पार्कचा कट्टा: बाहेरून आलेल्यांसाठीच वसलेल्या दादरची गोष्ट

"लोकल आणि बाहेरचे यांना एकत्र आणणारी जागा" वगैरे हल्ली प्रेझेंटेशनमधे फार ऐकू येतं, पण मुंबईत हे आधीच घडून गेलंय आणि तेही कुणी तसं ठरवलेलं नसताना.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली, मग १८९८ मधे शहराची सुधारणा करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि त्यांनी उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या स्कीम आखल्या, रुंद रस्ते, बुटक्या बिल्डिंगी, मधे मोकळी मैदानं. म्हणजे त्या कॉलन्यांत राहायला आलेले जवळपास सगळेच नवे! मराठी, पारशी, गुजराती, दक्षिणेकडचे, सगळे. खरे जुने म्हणायचे तर माहीमचे कोळी वगैरे, त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

शिवाजी पार्कचं मैदान लोकांना खुलं झालं १९२५ ला, तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ मधे नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं.

आता कट्टा. मैदानाभोवती एक किलोमीटरहून लांब बुटका कठडा आहे, बस्स. पण माझ्या मते खरी कमाल त्याचीच, कारण बसायला तिकीट नाही की मेंबरशिप नाही, आजोबा पेपर वाचतायत, शेजारी कॉलेजची पोरं, समोर नेटमधे क्रिकेट, आणि कोण कुठल्या गावचा हे कुणी विचारत नाही. उंच भिंत बांधली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

तरी सगळं गोडगोड नाही हां. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथेच झाला, तेव्हा सगळा रोख नोकऱ्यांतल्या दाक्षिणात्यांवर, आणि याच मैदानावर बंगाल क्लबची दुर्गापूजाही वर्षानुवर्षं चालू. १९५६ ला बाबासाहेबांवर दादर चौपाटीला अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून ६ डिसेंबरला राज्यभरातून लाखो लोक येतात, मैदानातल्या मांडवात मुक्काम करतात. आजूबाजूच्या काही बिल्डिंगवाल्यांची तेव्हा कुरकुर असतेच (स्वतःचे आजोबा कुठून आले ते विसरून).

सभांच्या आवाजाचं प्रकरण तर हायकोर्टात गेलं, २०१० मधे इथे सायलेन्स झोन लागू झाला, मग ठरावीक दिवसांची सूट आली. मैदान राहणाऱ्यांचं की येणाऱ्यांचं, हा वाद त्यानंतरही दर निवडणुकीला, दर दसऱ्याला निघतोच.