जननदर उतरला, तरी माणसं का वाढतात?

"गरिबांना पोरं फार, म्हणून देश गरीब." लग्नाच्या पंगतीत, एसटीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. बोलणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात, जननदर आणि लोकसंख्यावाढ.

आजच्या वेगानं एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, तो जननदर. वर्षभरातल्या जन्मांतून मृत्यू वजा केले (आणि आलेगेले धरले) की उरते ती लोकसंख्यावाढ. जननदर आजच्या घराबद्दल सांगतो. वाढीत मात्र आजीच्या काळचा पाळणाही अजून हलत असतो.

एक गाव घ्या. आजीआजोबांच्या पिढीत शंभर जोडपी, प्रत्येकाला सहा मुलं. झाली सहाशे, म्हणजे पुढची तीनशे जोडपी. समजा या तीनशेही जोडप्यांनी दोनावर पाळणा थांबवला. तरी नातवंडं सहाशे, आणि गावातून जाणारे म्हातारे फक्त दोनशे. घरटी दोनच मुलं असूनही गावात चारशे माणसं वाढली. हा वेग ओसरायला एक आख्खी पिढी जावी लागते. कुणी कितीही दटावलं तरी तो त्याआधी थांबत नाही, कारण त्या तीनशे आया आधीच जन्मलेल्या असतात.

बांगलादेशात हे देशाच्या मापानं घडलं. 1970च्या दशकात तिथं बाईमागे सहाहून जास्त मुलं होती, आज सव्वादोनच्या आसपास आहेत. तरीही 1971 साली, स्वातंत्र्याच्या वेळची सुमारे सात कोटींची वस्ती 2022च्या जनगणनेत साडेसोळा कोटींवर गेली. नुसती डोकी मोजणाऱ्याला हा देश फसलेला वाटेल. शेजारी पाकिस्तान ठेवून पाहा. 1971पर्यंत दोन्ही मिळून एकच देश होता आणि जास्त माणसं पूर्वेकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशात होती. 2023च्या जनगणनेत पाकिस्तान 24 कोटींवर होता. तिथला जननदर फार सावकाश उतरला. डॉलरमध्ये मोजलेल्या दरडोई उत्पन्नातही गेल्या काही वर्षांत बांगलादेश पुढे निघून गेला.

आणि हा उतार श्रीमंती येण्याआधीच सुरू झाला होता. 1974 साली बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत आपले आरोग्यमंत्री करण सिंग म्हणाले होते की विकास हेच सर्वात चांगलं गर्भनिरोधक. बांगलादेशच्या चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब नावाच्या भागानं दाखवलं की विकासाची वाट बघत बसायची गरज नाही. तिथं 1975 साली घरोघरी गोळ्या वाटल्या. वाटणाऱ्या बहुतेक वयस्क, निरक्षर बायका होत्या. सुरुवातीला वापर वाढला, मग गळाला. गोळीनं मळमळलं, रक्त जास्त गेलं, तर विचारायचं कुणाला? 1977पासून पद्धत बदलली. त्याच भागातल्या, शिकलेल्या, लग्न झालेल्या, स्वतः साधन वापरणाऱ्या तरुण बायका नेमल्या. दर पंधरवड्याला ती घरी यायची, पिशवीत गोळ्या, निरोध, इंजेक्शन. त्रास झाला तर ऐकून घ्यायची, एक साधन सोसत नसेल तर दुसरं द्यायची. पडद्यामुळे ज्या बाईला दवाखान्यात जाता येत नव्हतं, तिच्या अंगणात दवाखाना आला. अर्ध्या गावांना ही सेवा होती, उरलेल्यांत नेहमीची सरकारी व्यवस्था, त्यामुळे फरक मोजता आला. सेवेच्या गावांत जननदर लवकर उतरलाच, शिवाय पुढे अभ्यासकांना बायकांची तब्येत आणि कमाईही बरी दिसली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्यात जबरदस्ती कुठेच नाही.

आता पैशाचं. घरात सहाऐवजी दोन मुलं असली की दोघंही शाळेत जातात, आईला कामाला बाहेर पडता येतं. काही दशकं खाणाऱ्या तोंडांच्या मानानं राबणारे हात जास्त असतात. हा फायदा जननदर उतरल्याचा आहे, आणि लोकसंख्या वाढत असतानाच तो मिळतो. बांगलादेशात ते हात कपड्यांच्या कारखान्यांत गेले. पण हातांना काम हवंच. 2024च्या जुलैमध्ये ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून. लहान कुटुंबांत वाढलेली, शिकलेली पिढी होती ती.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) देशाचा जननदर 2.0 आला, महाराष्ट्राचा 1.7. पिढीची जागा पिढीनं भरायला 2.1 लागतो, म्हणजे आपण त्याच्या खाली आलो आहोत. तरी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं भारताची लोकसंख्या 2060च्या दशकापर्यंत वाढत राहील. ही वाढ बघून कुणी दोन अपत्यांचा कडक कायदा मागतं, तेव्हा मला त्या गावातल्या तीनशे आया आठवतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला महाराष्ट्रात ही अट आहेच, आणि मूल किती व्हावं हे जिच्या हातात कधी नव्हतं अशा बाईचीही उमेदवारी तीत जाते.