वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील वाहतूक नियमन

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन-उद्यानांच्या संकुलातील रस्त्यांवर वाहतुकीचे नियम पाळले जातील हे पाहण्याची, नियमभंगाबद्दल कारवाई करण्याची आणि अपघात टाळण्याची व्यवस्था. हे संकुल 1 ऑक्टोबर 1971 रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याचा विस्तार सुमारे 25,000 एकर, म्हणजे जवळपास 100 चौरस किलोमीटर आहे. चार उद्याने, वीसहून अधिक हॉटेले आणि डिस्ने स्प्रिंग्ज ही बाजारपेठ एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर असल्याने संकुलात पायी फिरणे बहुतेक ठिकाणी शक्य नसते. सुटीवर आलेले कुटुंब दिवसातून अनेकदा गाडीत किंवा बसमध्ये बसते आणि अनोळखी रस्त्यांवरून प्रवास करते.

या रस्त्यांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. प्रवेशद्वाराची रंगीत कमान ओलांडली की आपण एका कंपनीच्या खाजगी आवारात आलो आणि येथील नियम कंपनीचे आहेत, असे अनेक चालक धरून चालतात. वस्तुतः वर्ल्ड ड्राइव्ह, एपकॉट सेंटर ड्राइव्ह, ब्युएना व्हिस्टा ड्राइव्ह, ऑसिओला पार्कवे यांसारखे प्रमुख मार्ग सार्वजनिक असून त्यांवर राज्याचा मोटार वाहतूक कायदा जसाच्या तसा लागू होतो. दंड, परवान्यावर नोंदले जाणारे दंडगुण, न्यायालयातील हजेरी यांपैकी कशातही पाहुण्याला सूट नाही.

वेगळेपण आहे ते कामांच्या वाटणीत. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने मे 1967 मध्ये रीडी क्रीक सुधार जिल्हा स्थापन केला आणि त्याला रस्ते, पूल, सांडपाणी, जलनिस्सारण, अग्निशमन अशी स्थानिक शासनाची कामे सोपवली. जिल्ह्याचे मंडळ जमीनमालकांच्या मतांनी निवडले जाई आणि जमीन बहुतांशी डिस्ने कंपनीची होती, त्यामुळे रस्त्यांची आखणी प्रत्यक्षात कंपनीच्या गरजेप्रमाणेच झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये कायद्यात बदल होऊन या जिल्ह्याचे नाव सेंट्रल फ्लोरिडा पर्यटन देखरेख जिल्हा असे झाले आणि मंडळाचे पाच सदस्य नेमण्याचा अधिकार राज्यपालांकडे गेला. रस्त्यांच्या देखभालीचे काम मात्र जिल्ह्याकडेच राहिले. जिल्ह्याने स्वतःचे अग्निशमन दल उभारले आहे आणि अपघातस्थळी तेच प्रथम पोहोचते. पोलीस दल मात्र त्याने कधीच उभारले नाही. संकुलाचा मोठा भाग ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय उपविभाग) आणि दक्षिणेकडील भाग ऑसिओला काउंटीत येतो. त्यामुळे गस्त, वेगतपासणी आणि चलन ही कामे त्या त्या काउंटीच्या शेरीफ (पोलीसप्रमुख) कार्यालयाचे डेप्युटी, म्हणजे अंमलदार, करतात आणि अपघातांच्या तपासात राज्याचे महामार्ग गस्ती दल, म्हणजे फ्लोरिडा हायवे पॅट्रोल, सहभागी होते. अतिरिक्त गस्तीचा खर्च जिल्ह्याच्या करातून भागवावा की कंपनीने स्वतः उचलावा, हा वाद 2023 मध्ये नव्या मंडळापुढे उभा राहिला होता.

कंपनीचा स्वतःचा सुरक्षाविभागही रस्त्यांवर दिसतो. दिवा लावलेली त्याची गाडी बंद पडलेल्या वाहनामागे उभी राहते, सोहळ्याच्या दिवशी वाहने वळवते, हॉटेलच्या फाटकाशी ओळखपत्र तपासते. परंतु या रक्षकांना चलन करण्याचा किंवा पोलिसांप्रमाणे अटक करण्याचा अधिकार नाही. ते पाहुण्याला आवाराबाहेर जायला सांगू शकतात आणि गरज पडल्यास डेप्युटीला बोलावू शकतात. ही रेषा कुठे संपते हा प्रश्न 1990च्या दशकात न्यायालयात गेला. सुरक्षाविभागाच्या गाडीने पाठलाग केल्याचा आरोप असलेल्या एका अपघातात एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याच्या कुटुंबाने सुरक्षाविभागाच्या नोंदी सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याखाली मागितल्या. कंपनीचा हा विभाग सार्वजनिक संस्था ठरत नाही, असा निर्णय फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने 1997 मध्ये दिला. निर्णय कायद्याच्या चौकटीत बसणारा असला, तरी जिल्हा आणि कंपनी यांचे इतके निकटचे नाते असताना सामान्य माणसाला दोहोंतला फरक कळावा कसा, ही अडचण त्याने सुटली नाही.

वेगावर नियंत्रण ठेवण्याचे काम येथे मुख्यतः माणसांनाच करावे लागते. फ्लोरिडात सिग्नल तोडणाऱ्यांसाठी कॅमेऱ्यांना 2010 पासून परवानगी आहे. वेग मोजून चलन पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांना मात्र 2023 मध्ये परवानगी मिळाली, तीही केवळ शाळांच्या परिसरापुरती. त्यामुळे रिसॉर्टच्या रस्त्यावर वेग पकडायचा तर डेप्युटीने रडार किंवा लेझर यंत्र घेऊन रस्त्याकडेला थांबावे लागते, किंवा संशयित वाहनामागे सारख्याच वेगाने काही अंतर गाडी चालवून वेग निश्चित करावा लागतो. मर्यादेपेक्षा ताशी 5 मैलांपर्यंत (सुमारे 8 किलोमीटर) जास्त वेग असल्यास सामान्य रस्त्यावर कायद्याने ताकीदच दिली जाते. त्यापुढे मूळ दंड 25 डॉलरपासून चढत जाऊन ताशी 30 मैल किंवा त्याहून अधिक जादा वेगासाठी 250 डॉलरपर्यंत पोहोचतो. न्यायालयाचा खर्च त्यावर वेगळा असल्याने प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम बरीच मोठी असते. काम सुरू असलेल्या जागी कामगार हजर असताना हा दंड दुप्पट होतो, आणि संकुलात कुठे ना कुठे रस्त्याचे काम चालू असते. ताशी 30 मैल जादा वेगाच्या चलनावर न्यायालयात हजर राहावेच लागते. 1 जुलै 2025 पासून मर्यादेपेक्षा ताशी 50 मैल किंवा त्याहून अधिक वेग हा फौजदारी गुन्हा ठरला असून पहिल्या वेळी 30 दिवसांपर्यंत कैद, 500 डॉलर दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सुटीवर आलेला माणूस इतक्या वेगाने का जाईल, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर रस्त्याच्या रचनेतच आहे. इंटरस्टेट 4 या द्रुतगती महामार्गावरून 62 क्रमांकाच्या फाट्याने वर्ल्ड ड्राइव्हवर किंवा 67 क्रमांकाच्या फाट्याने एपकॉट सेंटर ड्राइव्हवर आलेल्या चालकाला पुढचा मार्गही महामार्गासारखाच दिसतो: रुंद, दुभाजक असलेला, दोन्ही बाजूंना झाडी, वस्ती नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. थोड्याच अंतरावर मात्र पार्किंगचे नाके, हॉटेलांची वळणे आणि सिग्नल येतात आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येते. मॅजिक किंग्डम या उद्यानाच्या परिसरात सेव्हन सीज लगून आणि बे लेक या दोन तळ्यांना जोडणारा कालवा पुलावरून वाहतो आणि रस्ता त्याच्याखालून जातो. डोक्यावरून होडी जाताना पाहण्याच्या नादात चालकाचे लक्ष उडाले तर नवल नाही. सकाळी उद्याने उघडण्याच्या सुमारास आणि रात्री आतषबाजी संपल्यावर हजारो गाड्या एकाच वेळी रस्त्यावर येतात. पहिल्या वेळी घाई असते, दुसऱ्या वेळी थकवा. धोका दोन्हीकडे आहे, पण माझ्या मते रात्रीचा अधिक, कारण दिवसभर उन्हात चालून आलेल्या चालकाला आपण किती दमलो आहोत याचा अंदाज नसतो आणि मागच्या आसनावर झोपलेली मुले त्याला लवकर पोहोचण्याची आठवण करून देत असतात.

दिशाफलक हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेत मार्गदर्शक फलक सामान्यतः हिरवे असतात. येथे मात्र सुसमन-प्रेजा या रचनासंस्थेने आखलेले जांभळ्या-लाल रंगांचे फलक अनेक वर्षे ओळखीची खूण बनून राहिले होते, आणि अलीकडे त्यांच्या जागी निळ्या-पिवळ्या रंगसंगतीचे फलक येऊ लागले. त्यांवर गावांची नावे वा मार्ग क्रमांक यांपेक्षा उद्यानांची आणि हॉटेलांची नावे प्रामुख्याने असतात. ज्याला आपल्या हॉटेलाचे पूर्ण नाव आठवत नाही, त्याची येथे पंचाईत होते, कारण सारख्या वाटणाऱ्या नावांची अनेक हॉटेले एकाच फलकावर येतात. फलक वाचायला वेग एकदम कमी करणे आणि चुकलेले वळण पकडण्यासाठी शेवटच्या क्षणी दोन मार्गिका ओलांडणे हे येथील नित्याचे दृश्य आहे. वळण चुकले तर पुढे जाऊन परतणे हाच सुरक्षित उपाय आहे. संकुलातील मार्ग असे गुंफलेले आहेत की काही मिनिटांत पुन्हा त्याच फाट्याशी येता येते. पडद्यावरचा नकाशा चालकाच्या मदतीला असतो, परंतु 1 जुलै 2019 पासून फ्लोरिडात वाहन चालवताना फोनवर मजकूर टाइप करणे हे पोलिसांनी केवळ त्याच कारणासाठी गाडी थांबवण्यास पुरेसे आहे. नकाशा पाहण्यास कायद्याची मुभा असली, तरी शाळेच्या आणि कामाच्या परिसरात फोन हातात धरता येत नाही.

संकुलातील बससेवा सुमारे 400 बसगाड्यांची आहे. या गाड्या सतत थांबतात, वळतात, पुन्हा प्रवाहात शिरतात. डिस्ने स्प्रिंग्जच्या उभारणीच्या वेळी ब्युएना व्हिस्टा ड्राइव्हवर बसगाड्यांसाठी वेगळ्या मार्गिका केल्या गेल्या, तसेच पादचाऱ्यांसाठी रस्त्यावरून पूल बांधले गेले आणि इंटरस्टेट 4 वरून वाहनतळाकडे थेट उतरणारा मार्ग काढला गेला. रस्ता ओलांडणारा माणूस आणि धावती गाडी यांना एका पातळीवर येऊच न देणे हा चलनापेक्षा खात्रीचा उपाय आहे, आणि ज्या कोणी तो खर्च केला त्याला त्याचे श्रेय दिले पाहिजे. तो सर्वत्र झालेला नाही. एप्रिल 2010 मध्ये फोर्ट विल्डरनेस या तंबू-निवासाच्या आवाराजवळ सायकलवरील एका लहान मुलाचा बसखाली येऊन मृत्यू झाला. या आवारात सायकली आणि भाड्याच्या विद्युत गोल्फगाड्या एकाच अरुंद रस्त्यावर चालतात. गोल्फगाडी खेळण्यासारखी वाटते, म्हणून ती मुलांच्या हाती देण्याचा मोह होतो. सार्वजनिक रस्त्यावर मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यात 18 वर्षांखालील चालकाकडे शिकाऊ किंवा पूर्ण परवाना असणे बंधनकारक आहे. 16 वर्षांखालील सायकलस्वाराने शिरस्त्राण घालणेही कायद्याने आवश्यक आहे.

वाहनतळात कायदा थांबतो, असे मानणाऱ्यांसाठी मद्यपानाविषयीची तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. एपकॉट या उद्यानात निरनिराळ्या देशांच्या दालनांतून मद्य मिळते आणि खाद्यमहोत्सवाच्या काळात त्याचे प्रमाण वाढते. रक्तातील मद्याची मर्यादा 0.08 टक्के आहे, आणि मद्याच्या अमलाखाली वाहन चालवण्याचा गुन्हा राज्यात कुठेही, म्हणजे खाजगी वाहनतळातही, घडू शकतो. त्यासाठी गाडी हललेली असण्याचीही गरज नाही. किल्ली हाताशी ठेवून चालकाच्या आसनावर झोपलेला माणूसही वाहन ‘प्रत्यक्ष ताब्यात’ असल्याच्या कारणाने दोषी ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याला 500 ते 1,000 डॉलर दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि किमान 180 दिवस परवाना रद्द होणे असे परिणाम आहेत. बसगाड्या चालू असताना गाडी वाहनतळात सोडून हॉटेलला परतणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. वाहनतळातील दुसरी तरतूद मुलांविषयी आहे: सहा वर्षांखालील मुलाला गाडीत एकटे 15 मिनिटांहून अधिक काळ ठेवणे, किंवा इंजिन चालू ठेवून क्षणभरही सोडून जाणे, गुन्हा आहे. फ्लोरिडाच्या उन्हात बंद गाडी किती लवकर तापते हे पाहता 15 मिनिटांची मुदतही फार उदार म्हणावी लागेल. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मान्यताप्राप्त बालआसन आवश्यक असून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना ते वेगळे किंवा गाडीच्या निर्मात्यानेच बसवलेले असावे लागते.

हवामानामुळे होणाऱ्या चुका ऋतूंप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात दुपारनंतर अचानक मुसळधार पाऊस येतो आणि पुढची गाडी दिसेनाशी होते. पावसात पुढचे दिवे लावणे कायद्याने बंधनकारक आहे. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची सवय येथे फार दिसते. परंतु ही मुभा 2021 पासून फक्त ताशी 55 मैल किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यावर, दृश्यमानता अत्यंत कमी असतानाच आहे, आणि संकुलातील बहुतेक रस्ते त्यात बसत नाहीत. हिवाळ्यात पहाटे दाट धुके असते. जानेवारी 2008 मध्ये संकुलाच्या नैर्ऋत्येला पोल्क काउंटीत इंटरस्टेट 4 वर धुके आणि वणव्याचा धूर एकत्र येऊन सुमारे 70 वाहने एकमेकांवर आदळली होती. रस्त्याकडेला दिवे लुकलुकवत उभे असलेले वाहन दिसले की शेजारची मार्गिका सोडावी, ते शक्य नसल्यास मर्यादेपेक्षा ताशी 20 मैल कमी वेगाने जावे, हा नियम 1 जानेवारी 2024 पासून आणीबाणीच्या आणि सेवेच्या गाड्यांपुरता न राहता बंद पडलेल्या सामान्य गाडीलाही लागू झाला.

परदेशी पाहुण्यांची संख्या मोठी असल्यामुळे परवान्याचा प्रश्नही येथे येतो. जानेवारी 2013 मध्ये फ्लोरिडाने परदेशी परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना सक्तीचा केला, पण त्यावरून इतका गोंधळ उडाला की त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. आता मूळ देशाचा वैध परवाना जवळ असणे पुरेसे आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय असलेल्या चालकांची खरी कसोटी रिकाम्या रस्त्यावर वळताना लागते, कारण गर्दीत पुढच्या गाडीमागे जाता येते आणि रिकाम्या चौकात जुनी सवय आपोआप उचल खाते. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, मनाईचा फलक नसल्यास, उजवीकडे वळता येते, ही अमेरिकेतील मुभाही अनेकांना ठाऊक नसते; तर ज्यांना ठाऊक असते त्यांतील काही जण आधी थांबायचे विसरतात आणि चलन भरतात. चलनाचा निपटारा 30 दिवसांत करावा लागतो: दंड भरून, सुरक्षित वाहनचालनाचा अभ्यासक्रम निवडून किंवा सुनावणी मागून. पाहुणा तोपर्यंत आपल्या गावी परतलेला असतो आणि भाड्याच्या गाडीची कंपनी आपले हाताळणी शुल्क वेगळे लावते.